बाबांचा अबोला आणि माझी पंधरा दिवसांची रजा

मस्कत, २१ नोव्हेंबर १९९३
तार आली. 'फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.' खाली थोरल्या बहिणीचं, रंजनाचं नाव. इंग्रजीत तिला एवढंच येतं.

मी लगेच ओळखलं. असली तार आमच्या लोकांत फक्त बावळट माणूस खरी मानतो. प्रतापकाकांच्या पोराला बहारीनहून असंच बोलावलं होतं, 'मदर सीरियस.' तो बिचारा रडत रडत बेगमपेठ विमानतळावर उतरला, तर मदर नवीन लुगडं नेसून, हार घेऊन उभी. चौथ्या दिवशी लग्न लावून मोकळे.

म्हणजे माझं ठरलं. कोणाशी, हे विचारायची गरज नाही. बरकतपुऱ्याची रेणू. इकडे येताना तिला सरळ विचारलं होतं. ती म्हणाली, "आधी काहीतरी धड कर, उमाजी." आता मी फॉरेनला टीचर आहे. याहून धड काय असतं?

कॉम्प्युटर क्लासच्या शेठने पंधरा दिवस दिले. एक दिवस जास्त झाला तर दुसरा माणूस ठेवीन म्हणतो. दोन वर्षांच्या काँट्रॅक्टपैकी पाचच महिने झालेत, म्हणून तोंड वाकडं. ठेव म्हणावं. आठ वर्षांच्या पोरांना कीबोर्डवर दहा बोटं फिरवायला शिकवणं सोपं नाही. शेठ मला 'टाइपिंग मास्टर' म्हणतो. अडाणी.

प्लॅन: लग्न, पासपोर्ट, रेणूसह परत.

काचीगुडा, २४ नोव्हेंबर
विमानतळावर हार नाही. कोणीच नाही. सरप्राइज ठेवायचं असेल.

ऑटोवाल्याने विचारलं, कहाँ से आरै? म्हटलं, मस्कतसे, प्रोफेसर हूँ. म्हणाला, "तो बैग इत्ती छोटी कायकू, प्रोफेसर साब?" या शहराला शिक्षणाची किंमत नाही.

घरी आई गळ्यात पडून रडली. छान रडते. बाबा खुर्चीत, उजव्या हातावर शाल. आई म्हणाली, "दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी झटका आला रे. परवाच दवाखान्यातून आणलं. वाचा गेली."

वाचा गेली म्हणे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी मी सरांना डस्टर फेकून मारला आणि कॉलेज सोडलं. (सरांनी सर्वांसमोर माझ्या नावाला हसायला नको होतं. आजोबांचं नाव नातवाला चिकटवणारे सुटतात, भोगतो नातू.) त्या दिवसापासून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. समोर मी बसलेला असताना आईला म्हणायचे, "त्याला सांग, जेवायला ये." दीड वर्ष. मस्कतला निघालो तेव्हासुद्धा पेपर खाली केला नाही.

आता माझ्याशी बोलत नव्हते ते कोणाशीच बोलत नाहीत. हट्टी माणसाचा हट्ट वाढला, याला सीरियस म्हणत नाहीत.

२५ नोव्हेंबर, संध्याकाळ
संशय फिटला. पाच वाजता रेणू आली.

मी मस्कतचं सेंट लावून दारातच उभा होतो. तिला तीन शिंका आल्या. मग म्हणाली, "आलास? बरं झालं." यातल्या 'बरं झालं'वर उद्या दुपारपर्यंत विचार करता येईल.

नंतर बाबांसमोर बसून तिने चित्रांची कार्डं काढली. कप. कंगवा. चावी. "हे काय आहे, काका?" काका छताकडे बघतात. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवायच्या कोर्सला ती आहे, तिसऱ्या वर्षाला. रोज येणार म्हणे. बाबांची केस कॉलेजात दाखवायची म्हणे. निमित्त तरी किती शोधावं पोरीने. सासऱ्याची सेवा आजपासूनच.

२७ नोव्हेंबर
टेस्ट घेतली. कुणीतरी घ्यायला हवीच होती.

घरात केबल आलंय. बाबांची बातम्यांची वेळ झाल्यावर मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि गाण्यांचं चॅनेल लावलं, फुल्ल आवाजात. एरवी यावर चप्पल आली असती. बाबा पलंगावरून उठले. डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं. तोंड उघडलं. "अ... अ..." कपाळाची शीर फुगली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी "अ"च्या पुढे गाडी नाही.

रंजनाने टीव्ही बंद केला. म्हणाली, "झालं समाधान? मस्कतला हेच शिकवतोस का लेकरांना?"

अभिनय उत्तम होता.

२८ नोव्हेंबर
आज लिहायला काही नाही.

२९ नोव्हेंबर
उजवा हात खरंच उचलत नाही.

दुपारी मी भात कालवून घास पुढे केला. तोंड फिरवलं. आईच्या हातून खाल्ला. म्हणजे वाचा गेली ती वेगळी, आणि माझ्याशी अबोला आहे तो वेगळा. दोन्ही एकाच वेळी चालू. असा माणूस शोधून सापडणार नाही.

आईने विचारलं, "काय करायलास रे उम्या, तोंड एवढंसं करून?" म्हटलं, काही नाही, जेट लॅग.

१ डिसेंबर
रेणूने शोध लावला. कप, कंगवा, चावी काहीच येईना तेव्हा ती वैतागून नुसतीच म्हणाली, "दोन एके दोन."

बाबा म्हणाले, "दोन दुणे चार." आणि थांबलेच नाहीत. दोनाचा, तिनाचा, साताचा, तेराचा. आवाज तोच, नोकरीवर असतानाचा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात हमालांना हाक मारणारा. मग दिडकी, म्हणजे दीडचा पाढा. तीन दिढे साडेचार, खणखणीत. आई पदर तोंडाला लावून उभी. पाणी मागता येत नाही आणि दिडकी येते.

रेणू म्हणाली, लहानपणी घोकलेलं मेंदूत वेगळ्या जागी असतं, असं होतं कधी कधी. फक्त सुरुवात दुसऱ्याने करून द्यावी लागते. स्वतःहून त्यांच्या तोंडून एक आकडासुद्धा निघत नाही. म्हणून रोज दोन-तीन तास कोणीतरी समोर बसून सुरुवात करून द्यायची, मध्ये थांबायचं, त्यांना पुढचं म्हणू द्यायचं. "पाढ्यांवरून हळूहळू शब्दांवर येऊ."

सर्वांनी माझ्याकडे बघितलं. घरात टीचर मीच.

३ डिसेंबर
कॉम्प्युटरच्या युगात पाढे. असो.

सतराचा सुरू केला. मी म्हटलं, सतरा चोक चौसष्ट. बाबांनी डाव्या हाताने चमचा टेबलावर आपटला. मी पुन्हा म्हटलं, चौसष्ट. पुन्हा चमचा. स्वयंपाकघरातून रंजना ओरडली, "अडुसष्ट रे, प्रोफेसर."

चुकलो नव्हतो. पेशंट जागा आहे का बघत होतो.

५ डिसेंबर
उद्याचं विमान. बॅग भरली. जाण्यापूर्वी रेणूला स्पष्ट विचारायचं, हा संकल्प. तिला गेटपाशी गाठलं. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "उमाजी, तू थांबलास तर काका बोलतील रे. रंजनाताईला तिचं घर आहे, काकूंना एकही पाढा येत नाही. पहिले तीन महिनेच महत्त्वाचे."

तू थांबलास तर. मुलगी याहून जास्त काय बोलणार?

स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथवरून शेठला फोन लावला. आवाज चढवून सांगितलं, तीन महिने रजा पाहिजे, आणि यापुढे मला मास्टर म्हणायचं नाही. शेठ म्हणाला, दुसरा माणूस परवाच आला, केरळचा आहे, एम.ए. आहे, मुलं खूश आहेत.

मी ताबडतोब राजीनामा दिला. फोनवरच, स्पष्ट शब्दांत. शेठने ठेवला होता की काय कोण जाणे, लाइन खरखरत होती.

बूथवाला म्हणाला, "नौकरी गई क्या भाई?" म्हटलं, नक्को बोलके छोड दिया. तो म्हणाला, "हौ, वैसाच बोलते सब."

१२ डिसेंबर
रोज सकाळी दोन तास, संध्याकाळी एक. बाबा खुर्चीत, मी समोर उभा, शाळेतल्यासारखा. बसावं म्हटलं तर कपाळाला आठी. आठी कशी घालायची हे मात्र मेंदूच्या सुरक्षित जागी आहे.

मी चुकलो की चमचा. रोज दुपारी कोपऱ्यात बसून मला उद्याचा पाढा पाठ करावा लागतो. अठरापर्यंत आलोय. कॉलेजात एवढा अभ्यास केला असता तर डस्टरची वेळच आली नसती, असं रंजना म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

घास अजून माझ्या हातून नाही.

२९ डिसेंबर
रेणूने आमचा तास बघितला. म्हणाली, "तुझ्यात पेशन्स आहे रे." रंजना हसून हसून आत गेली. माझ्या वर्तुळात असूया फार.

रेणू संक्रांतीला घरी कोणाला तरी घेऊन येणार आहे. "काकांना आणि तुम्हाला सगळ्यांना भेटवायचंय." आईवडील असणार. मी सेंटची बाटली बघून ठेवली. अर्धी आहे, पुरेल.

१३ जानेवारी १९९४
उद्याची तयारी. रेणूच्या वडिलांनी विचारलं, काय करता, तर मस्कत सांगायचं, शेठ सांगायचा नाही. शर्ट इस्त्री केला. बाबांची दाढी मी केली. मान वर कर म्हटलं तर केली नाही, तरी तोंडही फिरवलं नाही. हनुवटीखाली थोडं राहिलं.

१४ जानेवारी, संध्याकाळ
आईवडील नव्हते. श्रीकांत होता.

पुण्याचा. सिकंदराबादला सॉफ्टवेअर कंपनीत. चष्मा. वाक्याच्या शेवटी 'नाही का' लावतो. मे महिन्यात लग्न. रेणू हे सांगताना लाजली. मला वाटायचं तिला लाजता येत नाही. आईने तिचा मुका घेतला. मी म्हटलं, वा.

श्रीकांतने सर्वांच्या हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाला, आमच्या घरात, बाबांसमोर. पुण्यात माणसाला अक्कल देतात की नुसताच चष्मा? मग मला विचारलं, "तुम्ही सध्या काय करता?" म्हटलं, टीचिंग.

मग तो वाकून बाबांच्या पाया पडला. उठला, आणि कुठे टेकावं म्हणून इकडेतिकडे बघू लागला.

बाबा म्हणाले, "बसा."

कोणी सुरुवात करून दिली नव्हती. पाढा नव्हता. स्पष्ट, अहोजाहोसकट. दोन महिन्यांतला पहिला शब्द. आई रडली, रंजना रडली, रेणू तर श्रीकांतचा दंड धरून रडली. श्रीकांत बसला. तो बसणारच, त्याला काय. सगळे म्हणत होते, रेणूने कमाल केली. रेणू म्हणाली, "मी नाही, उमाजीने." कोणाच्या कानावर गेलं असेल असं वाटत नाही.

ते गेले. रंजना त्यांना सोडायला बस स्टॉपवर गेली. आई देवापाशी.

मी बाबांसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, त्या पुणेकराला दोन मिनिटांत बसा. मी दीड महिना उभा आहे. नोकरी गेली माझी. हो, गेली, सोडली नाही. मला पण म्हणा. अहोजाहो नको, नुसतं बस म्हणा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. छताकडे नाही, माझ्याकडे. ओठ हलले, गळा वरखाली झाला, शीर फुगली. मी म्हणणार होतो, जाऊ द्या.

तेवढ्यात म्हणाले, "एकोणीस."

आणि थांबून राहिले, रोज मी थांबतो तसे, माझ्या तोंडाकडे बघत.

एकोणीसचा मला अजून येत नाही. स्टूल ओढून बसलो.