पाच फूट नऊ

७ जानेवारी
बॅलेच्या क्लासला गेली. चव्वेचाळीसाव्या वर्षी! रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाच्या दुकानावरची खोली, भिंतीला आरसा, धरायला लाकडी दांडा. बाकी सगळ्या कॉलेजच्या पोरी. शिकवणारी दीपमाला माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. म्हणाली, "पहले सिर्फ खड़े होना सीखेंगे." तासभर नुसती उभी होती. तरी पाय भरून आले.

९ जानेवारी
कान, खांदा, कंबर, घोटा — एका रेषेत. माझं डोकं पुढे, खांदे गोल. "दीदी, आप झुकती क्यों हैं?" हसून टाळलं.
इथे लिहिते. मी पाच फूट नऊ. नवरा, पराग, पाच फूट पाच. लग्नाच्या फोटोच्या वेळी आई कानात म्हणाली होती, जराशी वाक. एकोणीस वर्षं वाकलेलीच आहे.

१६ जानेवारी
दीपमालानं पाठीवर हात ठेवला. "साँस यहाँ तक लाइए." बदलीवर रायपूरला येऊन सात महिने झाले. इतक्या दिवसांत मले कोणी हातही लावला नव्हता. डोळे भरले. आरशात दिसू नये म्हणून खाली पाहिलं, तर तिनं हनुवटी वर केली.

२५ जानेवारी
नागपूरहून परागचा फोन. चार मिनिटं. गीझर बिघडला म्हणे. क्लासचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं — सांगितलं नाही.

४ फेब्रुवारी
घरमालकीण कांताबाई जिन्यात म्हणाल्या, "मैडम, आप लंबी हो गईं क्या?" दिवसभर पुरलं.

१५ फेब्रुवारी
पराग आला. स्टेशनवर मी सरळ उभी होती, ठरवून नाही. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "काहून अशी ताठ उभी राहून राहिली? लोकं पाहतात."
मी वाकली. लगेच.
जेवताना म्हणाला, "नोकरी सोड आता. चाल घरी." खोलीत दोघं होतो आणि मले रोजच्यापेक्षा जास्त एकटं वाटलं.

१८ फेब्रुवारी
काल तो गेला. आज क्लास. "फिर झुक गईं आप," दीपमाला म्हणाली. दांडा धरला. टाचा, गुडघे, कंबर, खांदे. सरळ व्हायला अख्खा तास लागला.

१९ फेब्रुवारी
परागला फोन केला. म्हटलं, मी येत नाही. तो म्हणाला, "मग मी येऊ का तिकडे राहायले?"
एकोणीस वर्षांत त्यानं मले पहिल्यांदा विचारलं.
नको म्हटलं.