दातारांची तार

१४ जाने. ७३, रवि.
नेवाशाला जाऊन आलो. दातार गेल्यावर दोन महिने धीर झाला नव्हता. रोज संध्याकाळी वायरलेस सेटवर मोर्सच्या टकटकीत बोलायचो, पण भेट कधी नाही. बोटं अडखळत नाहीत माझी. आज त्यांचा चेहरा पाहिला, हार घातलेल्या फोटोत.
दातारवहिनींनी माळ्यावरचं पोतं काढलं. "एरियल आहे म्हणे. ह्यांनी मुंबईहून जुनीच आणली, दुरुस्त करणार होते. तुम्ही न्या." नको म्हणायचं होतं. 'न'वरच अडकलो. घेऊन आलो.

१८ जाने.
कारखान्यातून आल्यावर ओसरीत उलगडली. तांब्याची तार, हिरवी पडलेली. दोन्ही बाजूंना मध्येच एकेक बंद डबा. कशाला?
घरमालक डोकावले. "सायेब, घरावर खांब न्हाई लावायचा. ईज पडंल." वर्षभर ढग दिसला नाही, वीज कुठली? पण एवढं बोलायला मला किती वेळ... मान डोलावली. महिन्यापूर्वी या खोलीत आल्यापासून सेट मुकाच.

२१ जाने., रवि.
मागच्या पटांगणात मापली. मधल्या जोडापासून डब्यापर्यंत तेहतीस फूट. म्हणजे पाव लहर, चाळीस मीटरच्या बँडची! डब्यापुढचा तुकडा धरला तर ऐंशीचीही. एका तारेत दोन बँड, डबा म्हणजे मधलं दार. 'ट्रॅप'. आजवर चित्रातच पाहिला होता.
ओळख पटली, पण सांगू कुणाला? असलं सगळं दातारांनाच सांगायचो.

२५ जाने.
डबे उघडले. एकात कुंभारीण माशीचं मातीचं घर, आतली कॉइल शाबूत. दुसऱ्यात पाणी शिरून कंडेन्सर गेलेला. तसला नगरात मिळायचा नाही. जाड केबलचा तुकडा कापून त्याच्या जागी बसवून बघणार.
आज कुणाशी बोललो नाही. कालही नाही, बहुतेक.

४ फेब्रु., रवि.
जोडांना डाग दिले, फटी मेणाने बुजवल्या, तार चिंचेने घासली. लखलखते आहे. लावणार कुठे? वहिनींना कार्ड टाकलं, झाली म्हणून.

१० फेब्रु.
वहिनींचं उत्तर: "आमच्या गच्चीवर लावा. जागा रिकामीच आहे."

१८ फेब्रु., रवि.
रिसीव्हर मांडीवर घेऊन एस.टी.ने नेवासे. एक टोक गच्चीला, दुसरं मागच्या कडुलिंबाला. दोरी वहिनींनी धरली. संध्याकाळी चालू केला. आधी नुसती खरखर, मग कोलंबोचा कुणीतरी, मोर्समध्ये, स्वच्छ.
"काय म्हणतोय?"
"त्याच्याकडे पा... पा..."
माझं वाक्य लोक घाईने पुरं करतात. वहिनी थांबल्या.
"पाऊस पडतोय."
"पडू दे बाई कुठेतरी," म्हणाल्या, आणि चहा ठेवायला गेल्या. डोळे पुसत असाव्यात.

४ मार्च, रवि.
नेवाशाला गेलो, तर वहिनींची लेक पुण्याहून आलेली. आईला कायमचं न्यायचं म्हणते. मग घराला कुलूप. मी गच्चीवर जाऊन गाठी सोडायला लागलो, तर वहिनी जिना चढून आल्या.
"राहू द्या ती."
"पण तुम्ही..."
"माझं मी बघते. तार राहू द्या."
स्टँडवर पोचवायलाही आल्या. विचारायचं होतं, तुम्ही राहणार का? 'र'वर अडकलो. गाडी लागली, लोक चढले, मीही चढलो. कंडक्टरने घंटी मारली. खिडकीतून पाहिलं, त्या तशाच उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत, शब्दाची वाट पाहत.