आमच्यात पाणी लाभत नाही

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हे टाकी आणायला गेले आणि होडी घेऊन आले!

धरणाकाठचं ते रिसॉर्ट बंद पडलं. त्याचं सामान ह्यांनी एकगठ्ठा उचललं – पाइप, मोटर, दोन टेबलं आणि ही. लांबट, हिरवी, फायबरची, दोन माणसांची. वाल्मीक म्हणतो हिला कनू म्हणतात. तो तिथे बोटींवरच कामाला होता, ट्रॅक्टरमध्ये टाकून त्यानेच पोचवली. ह्यांचा विचार असा, की फवारणीचं औषध कालवायला बरी पडेल.

मोठ्या दिरांना – खंडेरावांना, आम्ही भाऊच म्हणतो – ती रस्त्यावरूनच दिसली. लगेच फोन. "धनराज, पालथी ठेव तिला. आपल्यात पाणी लाभत नाय, ठाऊक हाय ना?"

ठाऊक नसायला काय झालं! सासूबाईंच्या, म्हणजे आत्यांच्या, अंगात लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी देवी आली होती. भर गोंधळात, सगळ्या भाऊबंदांसमोर. म्हणाली, या घराला पाणी लाभणार नाही, मासा लाभणार नाही. मामंजींनी त्याच दिवशी आपले गळ मोडून चुलीत घातले म्हणे. तेव्हापासून या घरात कोणी पोहायला शिकलं नाही, मासा शिजला नाही. धरणाच्या भिंतीवरून जाताना पोरांचे हात घट्ट धरायचे.

आणि मी सायखेड्याची! गोदावरीच्या काठावर वाढलेली. मला हे लग्नानंतर पाचव्या दिवशी सांगितलं. आधी सांगितलं असतं तरी काय केलं असतं? लग्न केलंच असतं. हे तेव्हा फार देखणे होते.

होडी शेडमागे पालथी घातली. संध्याकाळी उगाच जाऊन तिच्यावर हात फिरवून आले.

१७ नोव्हेंबर

केलं.

हे मार्केटला गेले होते, आत्या झोपल्या होत्या. कादवा नदीच्या धरणाचा फुगवटा, म्हणजे मागे साठलेलं पाणी, आमच्या द्राक्षबागेच्या बांधालाच लागलेलं आहे. वाल्मीक ड्रिपच्या कामाला आला होता, त्याला म्हटलं एक टोक धर. बिचारा घाबरला. "वहिनी, भाऊसाहेब मला फाडून खातील." म्हटलं, आधी मला खातील, तुझ्यापर्यंत भूक राहणार नाही.

एकटीने मागे बसले तर होडीचं नाक आभाळात! वल्हं मारलं की जागच्या जागी गोल. वाल्मीक काठावरून ओरडत होता, पुढे वजन पाहिजे. शेवटी खताची अर्धी गोणी पुढच्या सीटवर बसवली. मग सरळ चालली. गोणीसारखा सोबती नाही. बोलत नाही, हलत नाही, उलट सल्ले देत नाही.

पाण्यात हात घातला. थंड. बावीस वर्षं! रडूच आलं मला. कोणी बघायला नव्हतं म्हणून नीट रडून घेतलं.

संध्याकाळी ह्यांनी ओली गोणी पाहिली. माझ्याकडे पाहिलं. मी भाकरी थापत राहिले. पहिली भाकरी ताटात घेत म्हणाले, "ते फुगीर जाकीट असतं ना, ते मागव. तसं जाऊ नको."

एवढंच बोलले. वीस पानी प्रेमपत्र लिहिलं असतं तरी मला इतकं बरं वाटलं नसतं.

२० नोव्हेंबर

दंड भरून आलेत. मीठ घालून शेकले. आत्या म्हणाल्या, "आज काय खुरपणी केली का काय?" हो म्हटलं.

२५ नोव्हेंबर

वाल्मीकने रिसॉर्टच्या अडगळीतून मासे धरायची एक काठी आणून दिली. कोण्या परदेशी पाहुण्याची राहिलेली. चार तुकडे, एकात एक बसतात. नेहमीच्या गळासारखं नाही हे. याच्या गळाला शिसं नसतं, किडा नसतो, नुसती पिसाची खोटी माशी. म्हटलं, मग ती एवढ्या लांब जाते कशी? तर वजन दोरीत असतं. दोरीच मागे-पुढे झुलवायची, ती माशीला घेऊन जाते.

म्हणून काठीचा नंबर आणि दोरीचा नंबर एकच लागतो. हे मला दोरी मागवल्यावर कळलं! काठी आठ नंबरची, मी पाच नंबरची दोरी मागवली. पातळ दोरी लांब जाईल असं माझं गणित. गेली ती माझ्याच गळ्यात. परत पाठवली.

३० नोव्हेंबर

जाकीट आलं. मागवताना ह्यांनी वजन विचारलं होतं. मी थोडं कमी सांगितलं – बायका सांगतात तेवढंच. जाकिटाची चेनच लागेना! हे बघत उभे. म्हणाले, "धोब्याला विचारू का, आटलं का ते?" चार दिवस बोलायचं नाही ठरवलं होतं, पण हसू आलं. दुसरं मागवलंय. या वेळी खरं वजन सांगितलं. पाण्याशी खोटं बोलून चालत नाही.

८ डिसेंबर

आता वर, जिथे फुगवटा संपून नदी सुरू होते, तिथपर्यंत जाते. दोन्ही काठांना उंबर आहेत. पिकलेली फळं टपकन पाण्यात पडतात आणि खालून मासा येतो. आठ दिवस मी कोंबड्याच्या पिसाच्या माशा टाकत होते. एकाही माशाने ढुंकून पाहिलं नाही. आज डोक्यात प्रकाश पडला – ते उंबर खातायत, तर उंबर द्या! आमच्या रुद्रचा शाळेतला लाल स्वेटर उसवला. (तो पुण्याला होस्टेलवर. त्याला काय कळतंय.) गळाला लोकर गुंडाळून गोल केलं, साडीच्या फॉलच्या दोऱ्याने आवळलं. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला, म्हणजे माशाला फार लागत नाही आणि सुटतोही पटकन.

तिसऱ्या फेकीला लागला! खडस. सोनेरी, हातभर. होडीच ओढत घेऊन चालला मला गोणीसकट. माझं काळीज इतक्या जोरात धडधडत होतं, की त्यालाही ऐकू गेलं असेल.

सोडून दिला. घरी न्यायची सोय नाही, आणि असती तरी सोडलाच असता.

मच्छीमार सोसायटीचा मंगळू जाळं काढत होता. इथे मासे धरायचं त्याला पहिल्याच दिवशी विचारून ठेवलंय. म्हणाला, "सोडून देता? मंग धरता कशाला?" मी पुन्हा उंबर टाकलं.

१६ डिसेंबर

परवा अवकाळी झाला. मणी तडकले, घडांत पाणी साचलं. आज फवारणी चालू असताना भाऊ आले. हातात मोबाइल. वाल्मीकने स्टेटसला माझा फोटो लावलाय – होडी, जाकीट, काठी आणि खाली 'आमच्या वहिनी लय भारी'. भारी! गाढव कुठला.

भाऊ अंगणातच सुरू झाले. "तुम्ही पाण्याला पाय लावला, अन् पाणी आलं. बघा बागेकडं."

मी म्हटलं, "भाऊ, पाऊस सगळ्या तालुक्यात झाला. सगळा तालुका होडीत बसला होता का?"

असं बोलायला नको होतं मी. पण बोलले.

भाऊ माझ्याशी बोललेच नाहीत मग. ह्यांना म्हणाले, "माझ्या रविराजचं लग्न हाय फेब्रुवारीत. नवी सून घरात येणार. त्याआधी ती होडी काढ. अन् ह्यांना सांग, पुन्यांदा पाण्यात गेल्या तर आपला एकमेकांच्या दारात पाय नाय." हे खाली बघत होते. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

हे रात्री म्हणाले, "भाऊ एकच आहे गं मला."

१८ डिसेंबर

राग आहे. सगळ्यांचा. ह्यांचा, भाऊंचा, त्या देवीचासुद्धा. काय बिघडवलं होतं मी तिचं? माझं माहेरचं सगळं सोडलं तेव्हा काही वाटलं नाही, नदी सोडली ती मात्र अजून टोचते. आणि आता हातात परत येऊन पुन्हा द्यायची!

आज एक कळलं. पाण्यातून आले की ओली सलवार मी मागच्या दोरीवर टाकायची. दर वेळी ती सुकून, घडी होऊन माझ्या पलंगावर असायची. मला वाटायचं हे ठेवतात. आज ह्यांना विचारलं. हे म्हणाले, मी नाही. मग घरात राहिलं कोण?

४ जानेवारी

होडी पालथीच. भाऊंनी गिऱ्हाईक पाहिलंय. लग्न आणि त्यानंतरचा देवीचा गोंधळ उरकला की ११ फेब्रुवारीला उचलून नेणार.

जाकीट कपाटात. काठी पलंगाखाली.

१९ जानेवारी

आत्या आणि मी मटार सोलत होतो. एकदम म्हणाल्या, "काय घावायचं गं तुला?"

म्हटलं, खडस.

"हां. उंबराखाली. ते पन तिथंच बसायचे." ते म्हणजे मामंजी. "रात-रात यायचे नाय. मळ्यात तवा वस्ती नव्हती. कोल्हं वरडायचं." मग दाणे पातेल्यात ओतले. म्हणाल्या, "मरायच्या आधी वरीसभर खाट धरनाकडं तोंड करून टाकायला लावायचे. तू पाहिलंय."

पाहिलंय. मीच टाकायची ती खाट. मला वाटायचं वाऱ्यासाठी.

८ फेब्रुवारी

लग्न झालं छान. सून गोड आहे – पल्लवी, ओझरची, नोकरी करणारी. जेवताना जाऊबाईंनी तिला सांगितलं, आपल्यात पाणी लाभत नाही. ती म्हणाली, "म्हणजे स्विमिंगपण नाही? मी रोज सकाळी जाते." जाऊबाई म्हणाल्या, जायचीस. आता नाही.

पोरीचा चेहरा पाहिला मी. बावीस वर्षांपूर्वी माझा कसा झाला असेल ते दिसलं. आत्या समोरच बसल्या होत्या. श्रीखंड तसंच ताटात ठेवून उठल्या.

१० फेब्रुवारी, मंगळवार

जेवण तसंच ठेवून लिहायला बसलेय.

भाऊंकडे गोंधळ. सगळे भाऊबंद. संबळ जोरात. अचानक आत्या उभ्या राहिल्या. केस सुटले, घुमायला लागल्या. बाहत्तर वर्षांची बाई! दोघींनी धरलं तरी आवरेना. भाऊंनी पटकन कुंकू लावलं, पाया पडले, "बोल आई, काय चुकलं?"

"काय चुकलं नाय," आत्यांचा आवाज घोगरा. "लय पाळलं तुम्ही. बंधन सुटलं. आता या घराला पाणी लाभंल. मासा लाभंल. पोरी-सुनांना अडवू नका. होडीला हळदकुंकू लाव, खंडेराव. तू लाव."

संबळ थांबला. भाऊंच्या डोळ्यांतून धारा. तिथल्या तिथे गिऱ्हाइकाला फोन करून नाही म्हणाले! मग हळदीची वाटी घेऊन, मोटरसायकलवर, थेट आमच्या शेडमागे. मागे सगळी वरात. होडी उताणी केली, तिच्या नाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पल्लवी माझ्या कानात म्हणाली, "काकू, मला पण बसवाल?" हे माझ्याकडे बघून लहान पोरासारखे हसत होते.

एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. मी शेजारी होते म्हणून मला दिसली. अंगात यायच्या जरा आधी आत्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, डबीत ठेवला, आणि डबी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "धर. फुटंल."

११ फेब्रुवारी

आत्यांचे पाय चेपताना विचारलं – काल खरंच देवी आली होती?

डोळे मिटलेलेच होते. म्हणाल्या, "तवा आली व्हती, तशीच आली."

मी पोटरीला तेल चोळलं.

"अठरा वर्साची व्हते. रोज रातच्याला हे नदीवर, अन् मी मळ्यात एकली. म्हटलं, महिनाभर तरी घरात बसतील. एवढं लांबंल असं वाटलं नव्हतं गं. मंग सांगायचं कुनाला?"

मामंजींची खाट डोळ्यांपुढे आली. राग आला. खूप आला.

त्यांनी दुसरा पाय पुढे केला. तोही चेपला.