हळू बॉलरसाठी जड बॅट

नळदुर्ग, १५ जानेवारी १९४५, सोमवार

क्लबाच्या मीटिंगमध्ये आज गुंडप्पानं सांगितलं की कॅप्टन बदला. माझ्या तोंडावर! ज्याला बॅट कुठल्या बाजूनं धरायची हे मी शिकवलं, त्यानं! म्हणे, मास्तर, तुमी पयल्या बॉलला आऊट व्हता अन् मग दिवसभर आमच्यावर वरडता. मी ओरडतो? मी कधीच ओरडत नाही, हे मी इतक्या जोरात सांगितलं की मदरशाचा, म्हणजे आमच्या शाळेचा, चपराशी धावत आला.

मग शांतपणे जाहीर केलं. नऊ फेब्रुवारीला, जुम्म्याच्या सुट्टीत, उस्मानाबादच्या वकिलांशी मॅच आहे. हरलो तर कॅप्टनकी गुंडप्पाची. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आत्ताच कशासाठी, ते कळलं नाही.

संकल्प: आजपासून रागवायचं नाही. रागानं टाइमिंग बिघडतं.

१६ जानेवारी

सकाळी सहावीच्या वर्गावर रागावलो. ते धरायचं नाही. ती नोकरी आहे.

दोष माझ्यात नाही, क्लबाच्या बॅटमध्ये आहे. ती कोणाचीच नाही, म्हणून कोणाचंच ऐकत नाही. स्वतःची घेणार. इंग्रजी पुस्तकात स्पष्ट दिलंय: फास्ट बॉलिंगला हलकी बॅट, झटकन खाली येते. स्लोला जड, कारण बॉलला स्वतःचा जोर नसतो, तो आपण द्यायचा. म्हणजे आधी बॉलर कसा ते कळलं पाहिजे. इतका पुढचा विचार करणारा कॅप्टन यांना नको आहे. गाढवं.

१९ जानेवारी, जुम्मा

सिद्रामप्पा उस्मानाबादेहून परत आला. याची आडत आहे, आमचा विकेटकीपर आहे, घरी कानडी बोलतो आणि बाहेर मराठीत कानडी मिसळतो. कोर्टात तारीख होती, तिथून वकिलांची प्रॅक्टिस बघून ये म्हणून सांगितलं होतं. म्हणाला, मास्तर, बाकी सगळे सोडा, एक हाशमी वकील ध्यानात ठेवा. लई हळे बॉलर हाय. दाढी पार पांढरी.

हळे! साधा ‘हळू’ शब्द याला नीट म्हणता येत नाही. मराठीच्या मास्तरापुढं! दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, पण संकल्प आठवला. राग गिळला. स्वतःचं फार कौतुक वाटलं. तो पुढं काहीतरी सांगत होता. ऐकण्याची गरज नव्हती. पांढऱ्या दाढीचा माणूस हळूच टाकणार.

जड बॅट. ठरलं.

२२ जानेवारी

पोटात दुखतं म्हणून रजा टाकली, सोलापूर गाठलं. दुकानदारानं दोन बॅटी समोर ठेवल्या, माझं मनगट हातात घेऊन वैद्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, तुम्ही हलकी घ्या. मी म्हटलं, मनगट माझं आहे, तुम्ही बॅट विका. जास्त आवाज झाला नाही. शेजारचा दुकानदार फक्त एकदा डोकावला.

सगळ्यात जड होती ती आणली. परत येताना करोडगिरी नाक्यावर जकात तपासणाऱ्या जवानानं ती दोन्ही हातांनी उचलली आणि विचारलं, मास्टरसाब, कपडे धोने की मोगरी है क्या? मोटारीतले सगळे हसले. मी एक शब्द बोललो नाही. म्हणजे बोललो, पण तोपर्यंत मोटार सुटली होती.

२५ जानेवारी

नव्या बॅटला जवसाचं तेल लावतात. घरात करडईचं होतं. तेल ते तेल. सौ. म्हणाली, माणसाला भाकरीवर घ्यायला तेल न्हाय अन् लाकडाला मालिश चाललंय. मी तिला फास्ट आणि स्लोमधला फरक समजावून सांगितला. ती म्हणाली, मला एकच कळतं, बरणी रिकामी झाली. अडाणीपणाची चीड येते.

तेल पिऊन बॅट आणखी जड झाली. उत्तम.

२ फेब्रुवारी, जुम्मा

प्रॅक्टिस. सगळ्यांना हळू टाकायला लावलं. स्लो बॉलिंगमध्ये वाट बघणं महत्त्वाचं. बॉल येतो, आपण वाट बघतो, मग मारतो. मारलेला एक बॉल थेट शाळेच्या कौलांवर. उरलेल्या वेळी जरा जास्त वाट बघितली गेली.

गुंडप्पानं बॅट उचलून पाहिली. म्हणाला, मास्तर, ही उचलूस्तोवर बॉल सोलापूरला पोचंल. मी म्हटलं, हाशमी वकिलाचा बॉल पायी येतो. तो माझ्याकडं बघतच राहिला. अभ्यास नसला की असं होतं.

मनगट सुजलंय. ताकद येण्याचं लक्षण.

९ फेब्रुवारी, सकाळ

आज रागवायचं नाही. चहा गार होता तरी कप नुसता आपटला, फेकला नाही. पांढरी पँट कडक इस्त्रीची. आजनंतर कॅप्टनकीचं नाव कोण काढतो बघतो.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

शून्य.

हाशमी वकील साठीच्या पुढचा, काटकुळा. लांबून पळत आला. मी म्हटलं, म्हातारा कशाला दमतोय. ठरल्याप्रमाणं वाट बघितली. मागं लाकडाचा आवाज झाला. वळून पाहिलं तर मधला स्टंप सिद्रामप्पाच्या पायाशी. त्यांच्याकडून कोणी नव्हता म्हणून विकेटकीपिंगला आम्हीच त्याला उसना दिला होता. बॅट तेव्हा अर्ध्यात होती. वर जायची होती की खाली यायची, ते मलाच आठवत नाही. वकील जवळ येऊन अदबीनं म्हणाला, माफ करना मास्टर, हम समझे आप तैयार हैं.

सगळे मिळून एकेचाळीस. त्यातले तीस गुंडप्पाचे, सुतळीनं बांधलेल्या क्लबाच्या बॅटीनं. हरलो. ओरडायचं होतं. आवाज बसला होता.

१० फेब्रुवारी

सिद्रामप्पाला दुकानात गाठून जाब विचारला. गिऱ्हाइकांदेखत. हळू म्हणून सांगितलंस आणि माणूस तोफ निघाला! तो म्हणाला, हळू कोण म्हणालं मास्तर? हळे म्हणालो म्या. हळे म्हंजी जुना. लई जुना बॉलर, तरुणपनी हैद्राबादेत नाव होतं त्याचं. पुढं सांगत व्हतो की, अजून बी बॉल इतका जोरात टाकतो की डोळ्याला दिसत न्हाय म्हनून. तुमी हात हलवून गप केलं.

मला कानडी येतं. तो एक शब्द राहिला होता.

चूक कुठं झाली ते लक्षात आलं. त्या दिवशी मी रागवायला हवं होतं. एक सणसणीत शिवी हासडून उच्चार दुरुस्त केला असता, तर तिथल्या तिथं उलगडा झाला असता. जन्मात एकदा राग आवरला आणि कॅप्टनकी गेली. संकल्प रद्द.

१६ फेब्रुवारी, जुम्मा

आज तुळजापूरच्या टीमशी मॅच. गुंडप्पाची पहिली. मला निरोप नाही. सकाळपासून धुमसत होतो. राजीनाम्याचं भाषण पाठ केलं, त्यात तीन ठिकाणी ‘कृतघ्न’ आलं.

नऊच्या सुमाराला गुंडप्पा स्वतः दारात. वहाणा बाहेर काढून, वाकून नमस्कार. एवढ्या लोकांत शेवटी आठवण माझीच झाली! भाषण सोडून दिलं. सौ.ला चहा टाकायला सांगितलं, ट्रंकेतून पांढरी पँट काढून खाटेवर ठेवली. त्यानं चहा घेतला, पँटीकडं बघितलं, मग खाली बघितलं. म्हणाला, मास्तर, राग मानू नका. पिचवर अंथरायच्या चटईच्या खुंट्या मातीत शिरंनात. तुमची बॅट द्या तेवढी, सांजंला आणून देतो.

दिली. उंबऱ्यात हातात तोलून म्हणाला, वजन झकास हाय.

फार अपमान झाला. रागवायला पाहिजे होतं. बसून वाट बघितली, पण राग आला नाही. नुसतंच वाईट वाटलं.

मैदानावरून ठोकल्याचा आवाज येतोय. एकेका दणक्यात खुंटी आत जात असणार.

सौ.नं पँटची घडी घातली आणि परत ट्रंकेत ठेवली.