अण्णांच्या गाडीचा डावा दरवाजा

२ फेब्रुवारी, रविवार
अण्णांनी आज त्यांच्या मारुतीची किल्ली माझ्या हातात दिली. अण्णा म्हणजे सासरे, वय एक्क्याऐंशी. आम्ही त्यांच्याकडेच राहतो, पण मी घरजावई नाही. अठ्ठावीस वर्षांत किल्ली पहिल्यांदा. त्यांचा उजवा डोळा गेलाय, डाव्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी. डॉक्टर खात्री देत नाहीत. म्हणून येत्या रविवारी आपल्याच गाडीत, पुढे बसून, एकदा बडोदं डोळे भरून बघायचं म्हणतात. आमच्या तरसालीहून लहरीपुरा, मग सयाजीगंज, मग घरी. चालवणार मी.

पुढच्या डाव्या दरवाजाला गंजून रुपयाएवढं भोक पडलंय. पेचकस घालून किती खोल आहे ते पाहिलं. आता बशीएवढं आहे.

बायको, अवंती, म्हणाली, पत्रेवाल्याला दाखव. पत्रा म्हणजे परत गंज. मी फायबरग्लास करणार. तीन व्हिडिओ पाहिले, त्यातला एक कोरियन.

३ फेब्रुवारी, सोमवार
सामान आणलं. रेझिन, ते घट्ट करणारं हार्डनर, काचेच्या धाग्यांची मॅट. दुकानदार म्हणत होता, हार्डनर मोजून घाला, आणि वॅक्स पण न्या, नाहीतर तुकडा सुटणार नाही. मी 'खबर छे, भाई', माहितेय मला, म्हटलं. हे लोक गिऱ्हाईक बघून यादी वाढवतात.

योजना: दरवाजावरच मॅट थापून त्याच आकाराचा तुकडा करायचा, वाळला की सोडवायचा, घासून भोकावर बसवायचा. दोन दिवसांचं काम. बुधवारी रंग.

४ फेब्रुवारी, मंगळवार
मॅट कापली. हातमोजे घातले नाहीत. मोज्यांत अंदाज येत नाही.

संध्या. ७. खाज.

७.२०. खाज.

८. खोबरेल लावलं. पसरली.

५ फेब्रुवारी, बुधवार
अवंतीने काल रात्री माझे कपडे अण्णांच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकले. अण्णा सकाळपासून दाराच्या चौकटीला पाठ घासतायत. त्यांना वाटतंय, डोळ्यात घालायच्या थेंबांची ॲलर्जी. मी म्हटलं, हवा बदलतेय ना.

दुपारी पहिलं मिश्रण. वेळ कमी म्हणून हार्डनर चौपट. धूर आला आणि ज्यात कालवलं तो श्रीखंडाचा डबा वितळला. म्हणजे माल अस्सल आहे. रंग शुक्रवारी.

६ फेब्रुवारी, गुरुवार
शेजारचे जयसिंगराव कुंपणावरून विचारत होते, वॅक्स लावलंत का. त्यांना समजावलं की आपल्या बायका वड्या थापायच्या आधी ताटाला तूप लावतात, वडी सुटते की नाही? मग वॅक्स कशाला. जयसिंगराव आत गेले. पटलं असावं.

दरवाजाला साजूक तूप लावलं, वाटीभर. त्यावर मॅट आणि रेझिनचे चार थर. मॅट दरवाजाच्या कडेबाहेरही चांगली वीतभर घेतली. मोठी असलेली बरी, नंतर कापता येते. घरात अवंती तूप शोधत होती. मी पेपर वाचत होतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
दगड झालाय. इतकं मजबूत काम मी आयुष्यात केलेलं नाही. फक्त सुटत नाही. पेचकस घातला, पेचकस वाकला.

दु. ३. दरवाजाच उघडत नाही. कडेबाहेरच्या मॅटने दरवाजा आणि गाडी एकत्र चिकटवली. फटीतही रेझिन गेलंय.

४. आतून लाथ मारली. गुडघा सुजला.

५. अण्णा विचारत होते, गाडी कुठवर आली. म्हटलं, फिनिशिंग चाललंय.

८ फेब्रुवारी, शनिवार
अवंतीला न सांगता पत्रेवाल्याला आणलं. त्याने दरवाजावर हात फिरवला आणि कोणी केलं विचारलं. एक ओळखीचा कारागीर, म्हटलं. त्याला परत बोलावू नका, म्हणाला. कापायला दोन दिवस, सोमवारपासून. मी अक्षरशः हात जोडले. काका, रविवारे बंध, म्हणाला आणि गेला.

मग अवंतीला सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. अण्णांना तूच सांग, एवढंच म्हणाली. तीनदा त्यांच्या खोलीपर्यंत जाऊन आलो. ते कोटाला ब्रश मारत होते.

उद्या सकाळी ऊन लागलं की सैल पडेल. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात.

९ फेब्रुवारी, रविवार
पडलं नाही.

अण्णा आठ वाजता कोट-टोपी घालून खाली. दरवाजा ओढला. परत ओढला. मग मी सगळं सांगितलं, तुपासकट. मागे बसा म्हटलं, तर म्हणाले, मागे पाहुणे बसतात. ड्रायव्हरच्या बाजूने शिरून पलीकडे सरकायला गेले. गिअरपाशी गुडघे अडकले, तेव्हा तिथेच, स्टिअरिंगमागे बसून राहिले. अवंती भाड्याची गाडी बोलवत होती, तिला नको म्हणाले. मला मागे बसायला सांगितलं.

गाडी जागची हलली नाही. समोर कंपाउंडची भिंत. अण्णा अर्धा तास स्टिअरिंग धरून लहरीपुऱ्यातलं एकेक दुकान सांगत होते. कुठलं उरलंय, कुठलं गेलं, सासूबाईंचा शालू कुठून घेतला, भाव करताना त्या कशा उठून निघाल्या. सयाजीगंजात गर्दी असेल म्हणाले आणि उतरले.

मला फार लाज वाटली. दुसरं काही लिहावं म्हणून बसलोय, सुचत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
साडेसातला हॉस्पिटलात बोलावलं होतं. रिक्षा केली. रिक्षावाल्याला मी लांबचा फेरा घालून लहरीपुऱ्यावरून न्यायला लावलं. अण्णा कडेला बसून मान बाहेर काढून बघत होते. सात वाजता कोण दुकान उघडतं? दोन्ही बाजूंना नुसती शटरं.

लहरीपुऱ्याच्या वेशीचा जुना दरवाजा ओलांडून पुढे गेल्यावर अण्णांनी मान आत घेतली. म्हणाले, हेरंबराव, काल जास्त चांगलं दिसलं.