भावोजींचं वजन आणि आमचं विमान

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे ठीक आहेत. भावोजी सुखरूप पोचले, जेवतातही व्यवस्थित, फक्त काल दुपारपासून माझ्याशी बोलत नाहीत.

झालं असं. आपलं विमान (एक इंजिन, चार जागा, दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही) माझ्या नावावर नोंदलं गेलं, शेपटीवर नंबरही रंगवून झाला. पण भाड्यानं माणसं न्यायची तर वेगळा परवाना लागतो, आणि तो निरीक्षकसाहेबांना एक फेरी मारून आणल्यावर मिळतो. नाही मिळाला तर सगळी खटपट पाण्यात. पायलटबाई, साहेब आणि मी बसून एक जागा रिकामी होती, म्हणून भावोजींना बसवलं. एवढ्याशा विमानात प्रत्येकाचं वजन आधी सांगावं लागतं. भावोजी म्हणाले, अडुसष्ट. मी त्यांच्या पोटाकडे पाहिलं, पण घरच्या जावयाला काट्यावर कसं चढवणार? (मांडीवर त्यांची ती निळी बॅग होती. "थोडे कपडे आहेत, खाली ठेवू नका म्हणालीय ही," एवढंच बोलले.)

आमची धावपट्टी आखूड. विमान धावलं, धावलं आणि धावतच राहिलं. पायलटबाईंनी वेळेवर ब्रेक लावले, विमान वळवून परत आणलं आणि म्हणाल्या, "कुणीतरी वजन चोरलंय." साहेबांनी सगळ्यांना मालाच्या काट्याशी नेलं. ते चढले, मी चढलो, आमचं बरोबर भरलं. मग मी चारचौघांत भावोजींना म्हणालो, आता तरी खरं सांगा. ते बॅग खाली ठेवून चढले. काटा अडुसष्टवर थांबला. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

कळावे, लोभ आहेच, तो असू द्यावा.

तुझा धाकटा

ता. क. मग बॅग काट्यावर ठेवली. ताई, बाबांच्या गॅरेजातले सगळे पाने, हातोड्या आणि तो लोखंडी जॅक, याला तू थोडे कपडे म्हणतेस? भावोजींचे पाय बधिर झाले, पण परवाना मिळाला की हे मला द्यायचं, तोवर कळू द्यायचं नाही, असा तुला शब्द दिला होता म्हणे. बाबांचा दहा-बाराचा पाना हातात घेऊन मी तिथेच रडलो.

ता. क. २. बॅग उतरवून दुसरी फेरी झाली. परवाना मिळाला. पायलटबाई वेळेवर मागे फिरल्या, हेच साहेबांना आवडलं. भावोजी या फेरीला आले नाहीत, बॅगेवर बसून राहिले.

ता. क. ३. खरं काम हे, की त्यांचा रुसवा माझ्याच्यानं निघत नाही. तू स्वतः ये. परवा विमान घेऊन येतो, खिडकीची जागा तुझी. फक्त या खेपेला, ताई, हात हलवत ये.