घट्ट झाकणाच्या सतरा

९ जुलै
स्टाफरूममध्ये डबा खाता खाता निमोण्याच्या हौसरावांचा फोटो आला. देवराईतल्या गोगलगायी, तपकिरी पट्ट्यांच्या. राईला लागूनच त्यांचं कांद्याचं रोप. "मॅडम, पिकं खाणाऱ्या आफ्रिकेच्या त्या ह्याच का?" मी लिहिलं — हो, पिल्लं आहेत, मीठ टाका! झूऑलॉजी शिकवते ना मी. नीट बघायचं कशाला!

१२ जुलै
निमोण्याला गेले. राईत मिठाचा सडा. राई झाडणाऱ्या कस्तुराबाई म्हणाल्या, "पिकावरच्या न्हाईत ओ ह्या. मी नांदायला आले तवापासनं हितंच हायेत, कुजका पाला खात्यात." एक उचलली. शंखाच्या तोंडाला गोल, कडक झाकण! आफ्रिकनला झाकण नसतंच. फर्स्ट इयरला मीच शिकवते हे.

इतकी लाज वाटली. पण मेसेज माझा होता, हे बोलले नाही. नमुने हवेत एवढंच म्हणाले.

"मेलेल्या न्या. जित्तं काय बी राईच्या भाईर जात न्हाई."

"मेलेल्याच नेते."

बहुतेक उघड्या पडून सुकल्या होत्या. घट्ट झाकणाच्या सतरा निवडल्या, घरी येऊन स्पिरिटच्या बरणीत टाकल्या.

१३ जुलै
चर्चला गेले नाही.

२२ जुलै
गोगलगायींवर काम करणाऱ्या पुण्याच्या सरांना फोटो आणि मापं पाठवली होती. फोनवर ओरडलेच — "ब्लेसी, ही जात कुठेच नोंदलेली दिसत नाही! वर्णन लिहायला घे." शंखाची उंची अठरा मिलिमीटर, वेढे पाच. "तिथं जिवंत आहेत ना?" शोधते म्हणाले. मिठाचं सांगितलं नाही. भित्री मेली!

२ ऑगस्ट
तीन फेऱ्या झाल्या. राईत जिवंत एकही नाही. उद्या कस्तुराबाईंना खरं सांगणार.

३ ऑगस्ट
सांगितलं. "ठाव हाय," त्या म्हणाल्या. "हौसरावानं तुमचा मेसेज दावला व्हता." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग देवामागचा पालथा माठ उचलला. ओल्या पाल्यावर एक चालत होती! मला रडूच आलं.

"मिठातली हाय. मेली म्हणून धुऊन देवापाशी ठिवली व्हती. धा दिसांनी दार उघडलं तिनं. मीठ लागलं की दार लावून बसत्यात जणू."

४ ऑगस्ट
बरणी समोर आहे. सतराच्या सतरा झाकणं घट्ट. मेलेल्याच नेते, म्हणाले होते मी.